चेहरा उलतोय, सगळंच झोंबतंय? बॅरियर रिपेअर मॉइश्चरायझर कसं निवडायचं, कसं लावायचं

आंघोळ करून दहा मिनिटं झाली नाहीत तोवर गाल ओढल्यासारखे होतात, हातावर नखाने ओरखडलं की पांढरी रेघ उठते, आणि वर्षभर चाललेलं नेहमीचं क्रीमच अचानक चरचरायला लागतं. असं होत असेल तर स्किन बॅरियर, म्हणजे त्वचेचा वरचा संरक्षक थर, बिघडलाय असं धरून चाला. माझं हे दिवाळीनंतर झालं होतं. रात्री मेलेल्या पेशी काढणाऱ्या ग्लायकोलिक अ‍ॅसिडचं सीरम, सकाळी व्हिटॅमिन सी, भरपूर फेस येणारा फेसवॉश हे सगळं आधीपासून चालूच होतं, त्यात पहिल्या आंघोळीला उटणं घासघासून लावलं आणि नंतर बोचरी थंडी पडली. आठवड्याभरात नाकाच्या बाजूने लाल चट्टे, आणि साध्या पाण्याने तोंड धुतलं तरी आग.

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा. विटा म्हणजे मेलेल्या पेशी, आणि दोन विटांमधला माल म्हणजे चरबी, त्यात वजनाने साधारण निम्मं सेरामाइड, पाव भाग कोलेस्टेरॉल आणि बाकी बरंचसं फॅटी अ‍ॅसिड. हा माल झिजला की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचा साबण, धूळ, परफ्यूम आत शिरतं, म्हणून कोरडेपणा आणि झोंबणं दोन्ही एकदमच येतं.

म्हणून क्रीम विकत घेण्याआधी झिजवणारं सगळं बंद करा. अ‍ॅसिड, रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चा प्रकार), स्क्रब, व्हिटॅमिन सी, बेसन-लिंबू, सगळंच. लिंबाचा रस खूप आम्लधर्मी, आणि नेहमीच्या साबणाचा पीएच (७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) ९ ते १० असतो तर त्वचेचा साधारण ५ च्या आसपास, दोन्हीकडून मार बसतो. चेहरा रात्री एकदा माइल्ड, फेस न येणाऱ्या क्लेन्झरने धुवा, सकाळी नुसतं कोमट पाणी पुरतं. कडकडीत पाणी थंडीत कितीही बरं वाटलं तरी नको. हे बंद न करता महागातलं क्रीम लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं, हे मी दीड महिना केलंय.

आता निवडायचं कसं. पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते सोडा, डबी उलटी करा. आपल्याला तीन कामं करणाऱ्या गोष्टी हव्यात. पाणी धरून ठेवणारं, म्हणजे ग्लिसरीन, माझ्या मते हे सगळ्यात भरवशाचं आणि स्वस्त. मग माल भरणारं, म्हणजे सेरामाइड, सोबत कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड असेल तर अजून चांगलं. आणि वरून झाकण घालणारं, म्हणजे पेट्रोलेटम (पेट्रोलियम जेली), डायमेथिकोन (एक सिलिकॉन), शिया बटर यातलं काहीतरी. यादीत जे जास्त असतं ते आधी लिहितात, पण सेरामाइड मुळातच थोडं लागतं त्यामुळे ते खाली दिसलं म्हणून क्रीम फसवं आहे असं नाही. ग्लिसरीन मात्र वरच्या चार-पाचात दिसायला पाहिजे.

काय नको ते जास्त महत्त्वाचं. परफ्यूम, फ्रॅगरन्स, लिमोनीन, लिनालूल (हे सुगंधाचेच घटक), कुठलंही इसेन्शियल ऑइल दिसलं की परत ठेवा, भले ते 'नॅचरल' असो. 'अनसेंटेड' शब्दावर जाऊ नका, मूळ वास दाबायला कधीकधी त्यातही सुगंध घातलेला असतो, 'फ्रॅगरन्स फ्री' बघा. युरिया कोरड्या टाचांना मस्त पण चिरलेल्या, लाल त्वचेवर चांगलाच झोंबतो. नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी३ चा प्रकार) चांगलं आहे, त्वचेला स्वतःचं सेरामाइड बनवायला मदत करतं, पण खूप नाजूक झालेल्या चेहऱ्याला १० टक्क्यांचं सीरम नको, क्रीममध्ये थोडंसं असेल तेवढं बास.

नागपूर-नाशिककडची कोरडी थंडी असेल किंवा दिवसभर एसीत बसणं असेल तर घट्ट क्रीम घ्या, मुंबई-कोकणात घामाने तेच चिकचिकतं, तिथे लोशन चालतं.

नवीन क्रीम डायरेक्ट चेहऱ्यावर नाही. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी सकाळ-संध्याकाळ लावा, असं सात दिवस, खाज किंवा पुरळ आलं नाही तरच पुढे. लोकांना हे फार वाटतं पण अ‍ॅलर्जी पहिल्या दिवशी दिसतेच असं नाही. आणि 'झोंबतंय म्हणजे काम करतंय' हे कोणी सांगितलं तर ऐकू नका प्लीज. मिनिटभर किंचित चुरचुरून थांबलं तर एकवेळ ठीक, जळजळ राहिली तर धुऊन टाका.

लावायची पद्धत तर क्रीमच्या किमतीपेक्षा मोठी आहे. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, टिपून घ्यायचं, आणि त्वचा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत लावायचं, बाथरूममध्येच डबी ठेवा म्हणजे विसरत नाही. चोळू नका, अंगावरची लव ज्या दिशेने वाढते त्या दिशेने हलक्या हाताने पसरा. किती? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत क्रीमची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. चेहरा आणि मानेला अशा दोन-अडीच रेघा, एका हाताला चार, एका पायाला आठ. म्हणजे पोट-पाठ धरून अख्ख्या अंगाला एकदा लावायला वीस ग्रॅमच्या आसपास जातं, मग ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवणाऱ्यांना फरक का पडत नाही ते कळेल. अंगासाठी साधं, मोठ्या बाटलीतलंच घ्या.

रात्री क्रीमवर, जिथे जास्त उललंय तिथे, साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा, पाणी उडू न देण्यात तिच्याइतकं दुसरं काही नाही. पिंपल्स येत असतील तर ओठ आणि नाकाच्या कडांपुरतीच. अशा क्रीमने कपडे, ओढण्या तेलकट होतात आणि पटकन पेट घेतात, धुतलं तरी सगळं जात नाही, तेव्हा गॅस आणि दिव्यापाशी सांभाळा.

खोबरेल तेलाचं सगळे विचारतात. अंगाला, ओलसर त्वचेवर, बऱ्याच जणांना सूट होतं, चेहऱ्यावर काहींना पुटकुळ्या येतात. ऑलिव्ह ऑइल मात्र नकोच, त्यातलं ओलेइक अ‍ॅसिड बॅरियर अजून सैल करतं.

ओढल्यासारखं वाटणं दोन-चार दिवसांत कमी होतं, पण भिंत नीट भरायला दोन ते चार आठवडे द्या, मधेच क्रीम बदलू नका. बरं वाटल्यावरही अ‍ॅसिड लगेच नको, आणि परत आणायचं तर एका वेळी एकच.

त्वचेतून पाणी सुटत असेल, पिवळी खपली धरत असेल, खाजेने झोप मोडत असेल तर क्रीम शोधत बसू नका, स्किनच्या डॉक्टरांकडे जा. मेडिकलवाल्याने हातात ठेवलेली ट्यूब मनाने चेहऱ्यावर लावू नका, त्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही असेल तर ते स्टेरॉइड आहे, चार दिवस जादूसारखं वाटतं आणि महिनोन्‌महिने लावत राहिलं की त्वचा पातळ होते, सोडलं की चेहरा लालबुंद होतो. आधीच लावत असाल तर डॉक्टरांना लपवू नका, आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा, नावं आठवत बसण्यापेक्षा ते बरं पडतं.