बंदरातून साइटपर्यंत ओडीसी मशीन कसं न्यायचं (पहिल्यांदाच नेत असाल तर नक्की वाचा)

कळंबोलीत आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी असा कॉन्ट्रॅक्टर येतो की ज्याचा मोठा एक्सकॅव्हेटर जपानहून नाहीतर कोरियाहून निघालेला असतो, जहाज परवा लागणार असतं आणि तो आज विचारतो, भाऊ एक लोबेड (जड मशीन न्यायचा बुटका, सपाट ट्रेलर) पाठवा ना, किती घ्याल. वजन विचारलं की म्हणतो पन्नास टनाचं आहे, उंची विचारली की म्हणतो बघून सांगतो. हे बघून सांगतो जे आहे ना तिथेच सगळा खेळ बिघडतो, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकतो. उदाहरण घेऊ न्हावाशेवाला उतरलेल्या ५० टनाच्या एक्सकॅव्हेटरचं, जायचंय शिरूरच्या पुढे एका खाणीवर. पायलिंग रिग (पाया खोदायचं मशीन) असो की क्रॉलर क्रेन (चेनवर चालणारी क्रेन), पद्धत तीच.

आधी ओडीसी, म्हणजे ओव्हर डायमेन्शनल कार्गो, काय असतं ते डोक्यात पक्कं करा. साध्या गाडीला रुंदी २.६ मीटर आणि रस्त्यापासून उंची ४ मीटर एवढीच परवानगी असते, त्याच्या बाहेर माल गेला की तो ओव्हर डायमेन्शन. साधा २० टनाचा पोकलेनसुद्धा (एक्सकॅव्हेटरलाच आपण पोकलेन म्हणतो) तो ज्यावर चालतो त्या चेनच्या बाहेरून मोजला तर पावणेतीन मीटरच्या पुढे जातो, म्हणजे रोज रस्त्यावर दिसणारे निम्मे पोकलेन ओडीसीच असतात, फक्त कोणी तसं म्हणत नाही. वजनाचं पण तसंच, २०१८ साली ॲक्सलच्या मर्यादा वाढवल्या तरी पुलर (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी), ट्रेलर आणि माल सगळं धरून ५५ टनाच्या वर साध्या परवान्यावर जाता येत नाही. आता आपलं मशीन ५०, लोबेड पंधराच्या आसपास, पुलर नऊ-दहा, बेरीज करा, पंचाहत्तर झाले. इथे साधा लोबेड चालणारच नाही, हायड्रॉलिक ॲक्सल, म्हणजे वजन खूप चाकांवर वाटून घेणारा ट्रेलर, लागतो आणि परवानगी लागते. 'सगळे असंच नेतात' असं सांगणारे भेटतील, आणि खरंय, नेतात, पण उद्या घाटात काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिला कागद परवानगीचाच मागतो.

म्हणून पहिलं काम, काउंटरवेट, म्हणजे मशीनच्या मागे तोल धरायला लावलेला वजनाचा ठोकळा, काढायचा. एवढ्या मशीनचा काउंटरवेट नऊ-दहा टनाचा असतो, बकेट अजून दोन-तीन टन, ते वेगळ्या गाडीत टाकलं की मुख्य लोड बराच हलका होतो. मुंबईच्या कोस्टल रोडचं बोगदा खोदायचं मशीन, मावळा, त्याचा व्यास १२.१९ मीटर होता, ते काय आख्खं आलं असेल का, तुकड्यातुकड्यानेच आलं. सुटं होतंय ते सुटं करायला लाजू नका. पार्टीला, म्हणजे मालाच्या मालकाला, वाटतं दुसऱ्या गाडीचं भाडं वाढलं, पण पूर्ण वजनाच्या हायड्रॉलिक ॲक्सलपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

आता उंची. कॅटलॉगवर अजिबात विश्वास ठेवू नका. माझ्या सुरुवातीच्या एका लोडला कॅटलॉगमध्ये उंची ३.४ मीटर लिहिलेली, आम्ही बेडची उंची १ मीटर धरून ४.४ काढली आणि निघालो. रेल्वे फाटकाच्या अलीकडे जो लोखंडी आडवा गेज असतो त्याची उंची ४.६७ मीटर असते, म्हटलं आरामात जाईल. गेजपाशी गाडी हळू केली आणि वरून करकर आवाज. उतरून बघतो तर केबिनच्या वर आधीच्या मालकाने पाईपची जाळी वेल्ड केलेली, दगड पडू नये म्हणून, चांगली एक वीत उंच, आणि तिच्यावर फिरता पिवळा दिवा. मशीन सेकंडहँड होतं, कॅटलॉगला काय माहीत कोणी काय जोडलंय. तीन तास फाटकाजवळ उभे होतो, गॅस कटरवाला शोधत. तेव्हापासून मशीन बंदरात उतरलं की टेप घेऊन मी स्वतः जातो, बूम खाली टेकवून घेतो, जाळी, सायलेन्सर, आरसा, अँटेना, सगळ्यात वरचं टोक कुठलं ते शोधतो आणि तिथून मोजतो. मग गाडीवर चढवल्यावर परत एकदा जमिनीपासून मोजतो, कारण टायरची हवा आणि बेडचा बाक यात चार-पाच सेंटिमीटर इकडेतिकडे होतात.

बंदरातल्या कामाला फार वेळ घालवत नाही, ते सीएचए, म्हणजे कस्टमचं काम करणारा एजंट, बघतो, पण तीन गोष्टी त्याच्या डोक्यावर बसून करून घ्या. एक, मशीन फ्लॅट रॅकवर (बाजूच्या भिंती आणि छप्पर नसलेला कंटेनर) येतंय की रो-रो जहाजातून चालत उतरणार की ब्रेक बल्क (कंटेनरशिवाय सुटा माल) म्हणून क्रेनने, हे बुकिंगच्या वेळीच कळलं पाहिजे, कारण फ्लॅट रॅक असेल तर उतरवायला मोठी क्रेन लागते आणि रिकामा रॅक वेळेत परत नाही केला तर शिपिंग लाइनचं डिटेन्शन, म्हणजे रॅक अडकवल्याचा दंड, सुरू. दोन, सेकंडहँड असेल तर चार्टर्ड इंजिनिअरचं सर्टिफिकेट, त्याशिवाय कस्टममध्ये किंमतीवरून फाईल अडते. तीन, चावी. हसू नका, रो-रोने आलेल्या मशीनची चावी कुठे कागदांच्या पाकिटात, कुठे सीटखाली, आणि बॅटरी समुद्रात महिनाभर पडून पार बसलेली. चार्ज केलेली बॅटरी, जंपर केबल आणि थोडं डिझेल सोबत नेल्याशिवाय मी बंदराच्या गेटमधून आत जात नाही. आऊट ऑफ चार्ज (कस्टमची सुटका) झालं, डीओ (माल सोडायची डिलिव्हरी ऑर्डर) हातात आली, आणि गाडी लागायला अजून चार दिवस, तर डेमरेजचं, म्हणजे बंदरात माल पडून राहिल्याच्या भाड्याचं, मीटर पळत राहतं, त्यामुळे परवानगीचा अर्ज जहाज निघतानाच टाका.

परवानगी कुठे? नॅशनल हायवेसाठी केंद्राच्या रस्ते मंत्रालयाचं ऑनलाइन पोर्टल आहे, हायड्रॉलिक ट्रेलरवर एकूण वजन १६९ टनापर्यंत असेल तर तिथे काम लवकर होतं, त्याच्या वर गेलं की रस्त्यातला एकेक पूल तपासायला लागतो. आपला लोड तेवढा नाही. पण हायवे सोडला की पीडब्ल्यूडी, शेवटचा रस्ता जिल्हा परिषदेचा असेल तर त्यांचा बांधकाम विभाग, शहराच्या हद्दीत ट्रॅफिक पोलिसांची एनओसी, आणि एक्सप्रेसवेवर जायचं म्हणत असाल तर एमएसआरडीसी, म्हणजे राज्याचं रस्ते विकास महामंडळ, त्यांची वेगळी. अर्जात पुलरचा नंबर लिहिता ना, तिथे स्पेअर पुलरचा नंबरही टाकून ठेवा, नाहीतर घाटात पुलर बसला की दुसरा पुलर येतो पण कागद त्याचा नसतो.

ई-वे बिलात, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदात, भले भले फसतात. त्याची मुदत काढताना साध्या गाडीला दिवसाला २०० किलोमीटर धरतात, ओडीसीला फक्त २०. बिल बनवताना ओव्हर डायमेन्शनल कार्गो हा पर्याय निवडला नाही तर १६० किलोमीटरला एकच दिवस मिळतो, निवडला तर ८ दिवस. आमची गाडी कधी कधी खोपोलीलाच दोन दिवस उभी असते, मग काय करणार. संपत आलं तर मुदतीच्या ८ तास आधी किंवा ८ तास नंतरपर्यंत वाढवता येतं, त्याच्या पुढे गेलं की भोगा.

रूट बघायला स्वतः जा, मोटारसायकलवर गेलात तरी चालेल, पण जा. न्हावाशेवाहून करळ फाटा, गव्हाण फाटा, पळस्पे, तिथून जुन्या हायवेने खोपोली, बोरघाट, लोणावळा, तळेगाव, मग चाकण-शिक्रापूर आणि पुढे शिरूर. नकाशावर सरळ दिसतो. हायवेची मला भीती नसते, तिथे टोलनाक्यावर कडेची रुंद लेन असते, पूल मजबूत असतात. भीती असते चाकणच्या चौकाची, आणि त्याहून जास्त शेवटच्या सहा-सात किलोमीटरची, जिथे हायवे सोडून गावात शिरतो. महाराष्ट्रात गाव तिथे कमान, आणि कमान बांधताना लोबेडचा विचार कोणी केलेला नसतो. कमानीची उंची टेपने घ्या, आतल्या रुंदीचीही घ्या. घराघरात गेलेल्या लाइटच्या आणि केबलच्या वायरी बघा, महावितरणची लाइन खाली लोंबत असेल तर रीतसर शटडाऊन मागा. मशीनवर पोरगं बसवून बांबूने वायर उचलायची जी सवय आहे ना ती केबल टीव्हीच्या वायरीला ठीक, विजेच्या लाइनला कधीच नाही, सांगून ठेवतो. मोऱ्या आणि छोटे पूल बघा, कठडा किती आत आलाय ते मोजा. आणि साइटच्या गेटवर गाडी वळते का ते बघा, पूर्ण लांबीची, नुसता पुलर नाही.

तारीख पण बघून ठरवा. गणपतीच्या आधी मुंबई-गोवा हायवेवर जड गाड्यांना बंदी घालतात, कोकणात लोड असेल तर ते दिवस सोडूनच द्या. नगर-पुणे बाजूला उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की रात्री बिनदिव्याच्या ट्रॉलीमागे लोबेड नेणं म्हणजे जीव मुठीत. गावची जत्रा आहे का तेही सरपंचांना एक फोन करून विचारा, फोन केला की गाडी आल्यावर माणसं मदतीला पण येतात.

चढवताना. रॅम्प लोखंडी आणि मशीनची चेन पण लोखंडी, पावसात दोन्ही एकमेकांवर साबणासारखे घसरतात. रॅम्पवर आणि बेडवर रबर मॅट नाहीतर जुनं कन्व्हेयर बेल्टचं तुकडं टाका. ऑपरेटरला सांगा खालीच सरळ लाव, रॅम्पवर चढल्यावर एक बाजूची लिव्हर मारायची नाही. बाजूला कोणी उभं राहायचं नाही, मालक असला तरी. वर गेल्यावर वजन ॲक्सलवर नीट बसलं का ते ट्रेलरवाल्याला बघू द्या, बूम खाली, बकेट काढली नसेल तर लाकडी ठोकळ्यावर, स्विंग लॉक (मशीनचा वरचा भाग फिरू नये म्हणून), बॅटरीचा स्विच बंद, दरवाजे-काचा बंद, सायलेन्सरच्या तोंडाला गोणी बांधलेली, कारण वाऱ्याने टर्बो उलटा फिरतो आणि त्याला तेल मिळत नाही. मग बांधायच्या चेन, चारही कोपऱ्यांना आणि तिरप्या, त्या ताणायचे बाइंडर लावून. बेल्टवर एवढं मशीन बांधू नका. बंदराच्या बाहेर पडून वीस-पंचवीस किलोमीटर झाले की थांबायचं आणि बांधलेल्या सगळ्या चेन परत ओढायच्या, पहिल्यांदा त्या सैल होतातच, पळस्प्याच्या पुढे हॉटेल बघून चहा पण होतो.

चालताना पुढे एक पायलट गाडी, मागे एक, लाल झेंडे, रात्री दिवे, रुंदीच्या टोकांना पट्ट्या. पुलावर जड लोड असेल तर ५ च्या स्पीडने, मधोमध, दुसरी गाडी पुलावर नसताना, आणि पुलावर ब्रेक मारायचा नाही की थांबायचं नाही, ही अट परवानगीतच लिहिलेली असते. घाटात दुसरा पुलर मागून ढकलायला लावतात, त्याचं भाडं आधी ठरवा. स्पीडब्रेकरला लोबेडचं पोट टेकतं, त्याच्या आधी आणि नंतर लाकडी स्लीपर टाकून चढ लांबवायचा, किन्नर, म्हणजे गाडीचा क्लीनर, उतरून पोटाखाली वाकून बघतो आणि हात दाखवतो, तोपर्यंत पुलर एक इंचही सरकत नाही. मागे हॉर्नचा कल्लोळ असतो, असू दे.

साइटवर पोचल्यावर घाईने बिल्टीवर (ट्रान्सपोर्टची माल पोचल्याची पावती) सही करू नका. आधी चारी बाजूंनी फोटो, काच, पाईप, कुठे डेंट, सायलेन्सर, आणि काही दिसलं तर बिल्टीच्या कॉपीवर तिथल्या तिथे लिहा, नंतर फोनवर सांगून कोणी मान्य करत नाही. गाडीखालची जमीन कडक आहे का बघा, मुरूम टाकून दाबलेला नसेल तर उतरताना ट्रेलर एका बाजूला बसतो. आणि काउंटरवेट दुसऱ्या गाडीने येणार हे विसरू नका, साइटवर १२ टनाचा हायड्रा (छोटी चालती क्रेन) आहे म्हणून निर्धास्त असलेली पार्टी मी बघितलीय, हायड्राचे १२ टन बूम जवळ असताना, बूम लांब केली की त्याला नऊ टनाचा काउंटरवेट मशीनच्या मागे नेऊन बसवता येत नाही. त्या पार्टीचं मशीन चार दिवस काउंटरवेटशिवाय नुसतं उभं होतं. मोठी क्रेन आधीच बुक करा, आणि काउंटरवेटची गाडी मशीनच्या आधी नाही, त्याच दिवशी मागोमाग येईल असं बघा.