धाकटे भावंड येण्याआधी मोठ्या मुलाची तयारी कशी करावी?

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला ‘आपल्याकडे बाळ येणार’ हे शब्द कळतात, पण ‘सहा महिन्यांनी’ म्हणजे किती, हे मुळीच कळत नाही. म्हणून ही गोष्ट सांगण्याची फार घाई करू नये. पोट दिसू लागले की सांगावे आणि तारखेऐवजी ‘गणपती गावाला गेले की’ किंवा ‘दिवाळी झाली की’ अशी त्याच्या ओळखीची खूण द्यावी. मात्र शेजारच्या काकूंच्या तोंडून ते कानावर पडण्याआधी आईबाबांनीच सांगितलेले असावे. सांगताना ‘बाळ’ एवढेच म्हणावे. गर्भलिंगनिदानाला आपल्याकडे १९९४च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा ‘तुला भाऊ येणार’ असे वचन कोणीही देऊ शकत नाही, आणि ‘भाऊ हवा की बहीण?’ असे विचारून लहानग्याच्या उत्तरात शकुन शोधणाऱ्या नातलगांनाही प्रेमाने पण स्पष्टपणे थांबवावे.

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा, की बाळाच्या नावाने मोठ्याकडून काहीही काढून घेऊ नये. पाळणा, आईशेजारची जागा, अंगावरचे दूध, यांतले जे बदलायचे असेल ते बाळ येण्याच्या दोन-तीन महिने आधी सावकाश बदलावे, नाहीतर नंतर काही महिने तसेच राहू द्यावे. बालवाडी आणि शी-शूची सवय यांनाही हेच लागू आहे. आमची मुलगी माझी बांगडी मुठीत धरल्याशिवाय झोपत नसे. मला सहावा महिना लागल्यावर तिला झोपवण्याचे काम तिच्या बाबांनी घेतले. पहिल्या चार रात्री ती रडली, मीही दोनदा उठून दारापर्यंत गेले. पाचव्या रात्री तिने बाबांच्या घड्याळाचा पट्टा धरला आणि तशीच झोपली. हे बाळंतपणानंतर करावे लागले असते, तर बाळाने आपली आई नेली असेच तिला वाटले असते.

बाळंतपण माहेरी होणार असेल, तर मोठे मूल कुठे राहणार हे आधी ठरवावे. ते बरोबर येणार असेल, तर आजोळची अंघोळ, जेवण आणि झोप अंगवळणी पडावी म्हणून काही आठवडे आधीच जावे; बाबांजवळ किंवा आजीजवळ राहणार असेल, तर आईशिवायच्या एक-दोन रात्रींचा सराव करून घ्यावा. दवाखान्यात निघताना ते झोपले असल्यास चोरून जाऊ नये, अर्धवट झोपेत का होईना, सांगून जावे. सिझेरियन झाले तर काही आठवडे आईला जड उचलता येत नाही, त्यामुळे उभ्याने कडेवर घेण्याऐवजी बसलेल्या आईच्या कुशीत येऊन बसण्याची सवय आधीपासून लावलेली बरी.

‘तुला खेळायला बाळ येणार’ असेही सांगू नये. बाळ दिवसाचा बहुतेक वेळ झोपते, दूध पिते आणि रडते, हे खरे तेच सांगावे. जुनी दुपटी, झबली काढताना मुलाला जवळ बसवून ‘हे तुझे होते’ असे दाखवावे आणि त्यातले एखादे त्याला हवे असेल तर ते त्याचेच राहू द्यावे.

पहिल्या भेटीच्या वेळी बाळ पाळण्यात असावे, आईचे हात रिकामे असावेत. बाळंतविडा घेऊन येणाऱ्यांना, आधी मोठ्याशी बोला, एवढे दारातच सांगावे. ‘आता तुझे लाड संपले’, ‘आता आई बाळाची’ ही थट्टा मोठ्यांना थट्टा वाटते. मूल ती अक्षरशः खरी मानते. समोर कितीही वडीलधारी व्यक्ती असो, ‘असे म्हणू नका’ हे मुलाच्या देखतच बोलावे, म्हणजे त्यालाही ते ऐकू येते.

नंतरचे काही आठवडे चड्डी ओली करणे, बोबडे बोलणे, भरवण्याचा हट्ट हे सारे होऊ शकते. त्यावर रागावू नये. रोज पंधरा-वीस मिनिटे बाळ दुसऱ्याच्या हाती देऊन फक्त मोठ्याबरोबर बसावे. लहान मूल प्रेमाने बाळाच्या तोंडात शेंगदाणाही घालू शकते, म्हणून दोघांना एकटे मुळीच सोडू नये. मारले तर हात धरावा, ‘बाळाला लागते’ एवढेच म्हणावे आणि त्याच हाताने बाळाचा पाय हळूच धरायला शिकवावे.

बारशानंतर एका दुपारी आमच्या मुलीने आपले जुने दुपटे जमिनीवर अंथरले, त्यावर आडवी झाली आणि ‘मला पण गुंडाळ’ म्हणाली. दुपटे तिला गुडघ्यापर्यंतच पुरले. मी तिला गुंडाळले, मांडीवर घेऊन थोपटले. थोड्याच वेळात ती हातपाय झाडून बाहेर आली आणि पोळीचा लाडू मागू लागली.