एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल : पारख आणि साठवण
ऑलिव्ह तेलाची बाटली घेताना ‘वापरण्याची मुदत’ पाहण्याआधी फळे तोडल्याची तारीख छापली आहे का ते पाहावे, कारण हे तेल म्हणजे फळाचा रसच असून ते मुरल्याने सुधारत नाही, उलट उतरत जाते. फळे तोडल्यावर शक्य तितक्या लवकर दळून, तो लगदा मंद गतीने घुसळून तेल वेगळे केले जाते. युरोपीय नियमांनुसार बाटलीवर ‘कोल्ड एक्स्ट्रॅक्शन’ (थंड पद्धतीने काढलेले) लिहिण्यासाठी या प्रक्रियेत तापमान २७ अंश सेल्सिअसच्या खाली राहावे लागते, तर ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ दर्जासाठी मुक्त आम्लता (तेलात सुट्या झालेल्या मेदाम्लांचे प्रमाण) ०.८ टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही आणि चवीतही दोष असता कामा नये.

घरी आणल्यावर चमचाभर तेल नुसतेच चाखून पाहावे. जिभेवर किंचित कडवटपणा आणि गिळताना घशात मिरीसारखी झणझण जाणवली, तर दचकू नये. ती ओलिओकॅन्थल या दाहशामक गुणाच्या पॉलिफिनॉलची (वनस्पतींत आढळणाऱ्या एका प्रकारच्या संयुगाची) खूण आहे. जुन्या मेणासारखा वास मात्र तेल खवट झाल्याचे सांगतो. रंगावर जाऊ नये; व्यावसायिक परीक्षक तर रंग दिसू नये म्हणून निळ्या पेल्यातून तेल चाखतात. यातील ओलेइक आम्ल हे मेदाम्ल हृदयाला हितकारक असले, तरी हे तेल लोणी किंवा तुपाच्या जागी वापरावे, त्यात भर म्हणून नव्हे, कारण मोठ्या चमचाभर तेलातही सुमारे १२० कॅलरी असतातच.

बाटली गडद काचेची असावी, शेगडीपासून दूर ठेवावी आणि उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवावी.