पद्मिनीच्या ऑइलमध्ये पाणी उतरते तेव्हा

प्रीमियर पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि त्यावर बसणारे हेड अॅल्युमिनियमचे असल्यामुळे तापल्यावर दोन्हींचे प्रसरण सारखे होत नाही. त्यातच वर्षानुवर्षे कूलंटऐवजी नळाचे पाणी भरले गेले असेल, तर हेडमधल्या पाण्याच्या वाटांच्या कडा झिजतात, ब्लॉक आणि हेडमधल्या गॅस्केटची, म्हणजे पातळ सीलची, पकड सुटते आणि पाणी ऑइलमध्ये उतरू लागते.

ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पिवळट साय दिसली म्हणून लगेच हेड उघडू नये, कारण पावसाळ्यात दोन-चार किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही धरते. रेडिएटरचे पाणी घटत असेल आणि डिपस्टिकवर दुधाळ कॉफीसारखे ऑइल वर चढलेले दिसत असेल, तर मात्र इंजिन सुरूच करू नये. अशा ऑइलने बेअरिंग जातात. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी ड्रेन बोल्ट हळूहळू सैल करावा. तळाशी बसलेले पाणी ऑइलच्या आधी बाहेर येते.

आता ते नेमके कुठून आले हे पाहावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तडा गेलेल्या ब्लॉकवर नवे गॅस्केट चढवून मोकळे होतात. चेंबर (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) उतरवून, रेडिएटरला हातपंपाने त्याच्या झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब द्यावा आणि खालून टॉर्चच्या उजेडात थेंब कुठून ओघळतो ते शोधावे.

हेड इंजिन पूर्ण थंड असतानाच, बोल्ट कडेकडून मध्याकडे थोडे थोडे सैल करत उतरवावे. त्यावर सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून खाली 0.05 मिमीचे फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकते का ते तपासावे. सरकत असल्यास फेसिंग (हेडची खालची बाजू मशीनवर सपाट करणे), आणि त्याआधी हेडची प्रेशर टेस्ट करून घ्यावी, नाहीतर तडकलेल्या हेडवर फेसिंगचा खर्च वाया जातो. ब्लॉकमधल्या बोल्टच्या छिद्रांत पाणी वा ऑइल राहू देऊ नये; घट्ट करताना ते दाबले जाऊन ब्लॉकच तडकू शकतो. गॅस्केटवर ‘आल्टो’ लिहिलेले असल्यास ती बाजू वर ठेवावी, कारण इटालियनमध्ये त्याचा अर्थ ‘वर’ असाच आहे. बोल्ट मध्यापासून बाहेरच्या बाजूला, टॉर्क रेंचने (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने) तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळून टॅपेट (व्हॉल्व्हची फट) जुळवावेत.

शेवटी स्वस्त ऑइल भरून इंजिन काही मिनिटे नुसते आयडलवर चालवावे, ते गरम असतानाच काढून टाकावे आणि फिल्टरसह पुन्हा बदलावे. दुसऱ्या वेळीही ते दुधाळ निघाले, तर आणखी एकदा.