कालवांची कवचे हॉटेलातून पुन्हा समुद्रात
न्यूयॉर्कच्या बंदरात कालवे (ऑयस्टर, शिंपल्यात राहणारे समुद्री जीव) पुन्हा वाढवणारा ‘बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट’ हा उपक्रम २०१४ पासून ज्या पद्धतीने काम करतो, ती अशी. हॉटेलांनी कालवांची रिकामी कवचे लिंबाच्या फोडी, कागदी रुमाल व इतर खरकट्यात न मिसळता पहिल्यापासूनच वेगळ्या पिंपात टाकावीत, कारण नंतरची निवडानिवड कोणीही मनापासून करत नाही. या कवचांचा ढीग बंदरातल्या गव्हर्नर्स आयलंड या बेटावर सुमारे वर्षभर ऊनपावसात उघडा ठेवतात. उरलेले मांस कुजून जाईपर्यंत आणि दूरच्या पाण्यातून आलेल्या रोगजंतूंचा धोका टळेपर्यंत घाई करू नये. मग धुतलेली कवचे टाकीत ठेवून त्यात कालवांच्या अळ्या सोडाव्यात आणि त्या कवचांना घट्ट चिकटल्यावर ती बंदराच्या तळाशी उतरवावीत. तेथे सांडपाणी मिसळत असल्याने ही कालवे खाण्यासाठी मात्र नाहीत.