फायलींची नोंदवही एक्सेललाच लिहू द्या

सोसायटीचा सचिव झालो तेव्हा आधीच्या समितीकडून एक पेनड्राइव्ह हातात आला. आत सभांची इतिवृत्तं, लेखापरीक्षण अहवाल, नामांकन अर्ज, लिफ्टच्या देखभालीचे करार आणि 'नवीन', 'फायनल', 'फायनल २' अशा नावांच्या फायली. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची आणि मागचं इतिवृत्त सापडत नाही. म्हणून हातानं यादी करायला बसलो. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी खजिनदारांनी नव्या पावत्या टाकल्या आणि यादी अपुरी पडली. तेव्हापासून फाइलचं नाव, आकार, तारीख यातलं काहीही मी स्वतः टाइप करत नाही. ते संगणकाला आधीच ठाऊक असतं.

विंडोजवर एक्सेल २०१६ किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल तर वेगळं काही बसवावं लागत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डिर' लिहून यादी फाइलीत उतरवण्याची जुनी रीत आहे, पण तिथे मराठी नावांच्या जागी बहुधा प्रश्नचिन्हं उमटतात. एक्सेलमध्ये मराठी नावं जशीच्या तशी येतात.

आधी पेनड्राइव्हवरचं सगळं संगणकावरच्या एका कायम फोल्डरमध्ये उतरवा. पेनड्राइव्हचं अक्षर आज 'ई', उद्या 'एफ' होतं आणि यादीला फोल्डर सापडेनासा होतो. यादीची एक्सेल फाइल मात्र त्या फोल्डरच्या बाहेर ठेवा, नाहीतर ती स्वतःचीच नोंद करते.

आता कोऱ्या एक्सेल फाइलमध्ये 'डेटा' टॅब, 'गेट डेटा', 'फ्रॉम फाइल', 'फ्रॉम फोल्डर' असं जा आणि फोल्डर निवडा. आतल्या उपफोल्डरमधल्या फायलीही दिसतील. घाईनं 'लोड' दाबू नका, 'ट्रान्सफॉर्म डेटा' दाबा.

उघडलेल्या खिडकीत थोडी साफसफाई करायची. 'कंटेंट' हा स्तंभ काढून टाका. 'अॅट्रिब्यूट्स'च्या डोक्यावर दोन बाणांचं चिन्ह आहे, ते दाबून फक्त 'साइझ'वर खूण ठेवा. आकार बाइटमध्ये येतो. एमबीमध्ये हवा असेल तर त्याला १०४८५७६ नं भागा. 'नेम'च्या गाळणीतून (फिल्टरमधून) विंडोजनं स्वतःच बनवलेली 'थम्ब्स डॉट डीबी' आणि नावाच्या सुरुवातीला ~$ असलेल्या फायली वगळा. वर्ड-एक्सेलची फाइल उघडी असताना या ~$च्या फायली तयार होतात. मग आधी 'फोल्डर पाथ' आणि नंतर 'नेम' असे दोन स्तंभ याच क्रमानं निवडून 'अॅड कॉलम'मधलं 'मर्ज कॉलम्स' दाबा, मध्ये विभाजक ठेवू नका आणि नव्या स्तंभाला 'पूर्ण पत्ता' नाव द्या. शेवटी 'क्लोज अँड लोड'.

तारखांपाशी जरा थांबा. फाइल एका ठिकाणाहून दुसरीकडे कॉपी केली की 'डेट क्रिएटेड' कॉपी केल्या दिवसाची होते, 'डेट मॉडिफाइड' मात्र जुनीच राहते. माझ्या यादीत सगळी इतिवृत्तं एकाच दिवशी जन्मलेली दिसत होती ती यामुळेच. म्हणून क्रम लावायचा तो 'डेट मॉडिफाइड'वर. पण स्कॅन केलेल्या कागदावर तीही फार तर स्कॅनची तारीख सांगते, सभेची नाही. सभेची तारीख फाइलच्या नावातच वर्ष, महिना, दिवस अशा क्रमानं घाला: '२०२३-०९-१७ वार्षिक सभा'.

यादीतून थेट फाइल उघडायची असेल तर तक्त्याला लागून एक नवा स्तंभ घ्या. बरोबरचं चिन्ह, इंग्रजीत हायपरलिंक, कंस, 'पूर्ण पत्ता'च्या त्याच ओळीतल्या खान्यावर क्लिक, कंस बंद, एंटर. बाकीच्या ओळी आपोआप भरतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. 'हा सही केलेला करार', 'हा मसुदा' असे शेरे माणसानंच लिहायचे असतात. ते तक्त्याशेजारी थेट लिहिलेत तर नव्या फायली आल्यावर ओळी सरकतात आणि मसुद्याचा शेरा सही केलेल्या करारासमोर येऊ शकतो. सोसायटीच्या कामात ही चूक महागात पडते. म्हणून 'शेरे' नावाचं वेगळं पान करा: पहिल्या स्तंभात पूर्ण पत्ता पेस्ट करायचा, दुसऱ्यात शेरा. मुख्य तक्त्यात एक्सलुकअप या जुळणारी नोंद शोधून आणणाऱ्या सूत्रानं तो आणा. आधी पत्त्याचा खाना, मग 'शेरे'चा पहिला स्तंभ, मग दुसरा, आणि चौथ्या जागी रिकामी अवतरणचिन्हं (""). एक्सलुकअप एक्सेल २०२१ पासून पुढे आणि ३६५ मध्ये आहे. जुन्या आवृत्तीत व्हीलुकअप वापरा. फाइलचं नाव बदललं की शेरा तुटतो, तेव्हा नावं आधी नीट करा, शेरे नंतर लिहा.

नव्या फायली पडल्या की 'डेटा'मधलं 'रिफ्रेश ऑल' दाबा. तेवढंही विसरायला होतं, म्हणून 'क्वेरीज अँड कनेक्शन्स'मध्ये या यादीच्या नावावर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये फाइल उघडताच ताजी व्हावी अशी खूण करून ठेवा.

यादी समितीच्या ग्रुपवर पाठवताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. दुवे तुमच्याच संगणकावर उघडतील. आणि नामांकन अर्जांच्या फायलींच्या नावात सभासदांची नावं असतात, त्या ओळी आधी काढा.