भेटवस्तूंची वही कशी ठेवावी

बारसं, मुंज, वास्तुशांत, साठीशांत, भाऊबीज, भाचीचं डोहाळजेवण. वर्षभर कुणाला ना कुणाला काहीतरी द्यायचं असतंच, आणि बहुतेक वेळा आपण आदल्या संध्याकाळी दुकानात उभे असतो. मग हाताला लागतं ते सहा ग्लासांचं खोकं, नाहीतर भिंतीवरचं घड्याळ. घेणारी ते न उघडताच माळ्यावर टाकते आणि पुढच्या वास्तुशांतीला तेच खोकं तिसऱ्या घरी जातं.

‘पाचशे रुपयांच्या आत पन्नास भेटवस्तू’ छापाच्या याद्या मी पुष्कळ वाचल्या आहेत. यादी करणाऱ्याला माझी आत्या माहीत नसते, त्यामुळे तिला काय द्यावं हे त्या यादीत कधीच सापडत नाही. ‘सेल लागला की डझनभर वस्तू घेऊन ठेवा’ हा सल्ला तर त्याहून वाईट. मी तो दोन वर्षं पाळून पाहिला. कपाटात वस्तू पडून असली की ती कुणाच्या तरी गळ्यात घालण्याकडेच मन धावतं. साठा करू नका. गेली १८ वर्षं मी त्याऐवजी एक वही ठेवते आणि माझं सगळं त्या वहीवर चालतं.

तारखांचं काम तासाभराचं आहे. डिसेंबरात नवं कालनिर्णय भिंतीवर लागलं की वाढदिवस तारखेने आणि सण तिथीने लिहून घ्या. सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि अधिक महिना आला की त्यानंतरचे सण एकदम पुढे जातात. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणून त्या वर्षीची दिवाळी नोव्हेंबरात. घरात जावई असेल तर धोंड्याच्या महिन्याचं वाण, ३३ अनारसे आणि कपडे हा खर्च आधीच धरावा लागतो.

पैशांचा वर्षाचा आकडा एकदाच ठरवा आणि दर महिन्याला बारावा हिस्सा बाजूला टाका.

आता वही.

आमच्या आईचीही वही होती. कुणाच्या लग्नात कुणी किती घातले, कुणी साडी नेसवली, कुणाचं पातेलं आलं, सगळं तारीखवार. ती वही फेडीसाठी होती. तशी नोंद जरूर ठेवा, कारण नात्यात त्यावरून मनं दुखावतात. आणि घेणाऱ्याला फेडता येईल एवढंच द्या. त्याच्या ऐपतीबाहेरचं दिलं तर त्याच्या डोक्यावर ओझं होतं. पण किती द्यायचं एवढंच त्या वहीत कळतं. काय द्यायचं हे कळायला ते माणूस काय बोलतं ते लिहावं लागतं, आणि इथे मी तीन-चार वर्षं चाचपडत होते.

पहिली गोष्ट, विचारू नका. ‘तुला काय हवंय?’ म्हटलं की आपल्याकडे एकच उत्तर येतं, ‘काही नको गं, आहे सगळं.’ आपल्या माणसांना मागणं जमत नाही. त्यांची गरज बाहेर पडते ती कुरकुरीतून, तीही हातात दुसरं काम असताना. डब्याचं झाकण नीट लागत नाही, पिशवी खांद्यावरून घसरते, भाजी चिरताना पाट हलतो. ती कुरकुर ऐकली की त्याच रात्री लिहायची. दुसऱ्या दिवशी लिहू म्हटलं की विसरलंच.

लिहायची कशी, हे मला आत्यामुळे कळलं. मिरजेला तिच्याकडे गेले होते, ती ओसरीवर गोधडी शिवत बसली होती, काहीतरी बोलली. रात्री मी वहीत दोनच शब्द टाकले: ‘आत्या, चष्मा’. सहा महिन्यांनी तिची पंचाहत्तरी आली. वही उघडली, चष्म्याचं काय ते काही केल्या आठवेना. शेवटी चांगलं चामड्याचं चष्म्याचं घर घेतलं. तिने ते हातात घेतलं, छान आहे म्हणाली आणि कपाटाच्या खणात ठेवलं. दुपारी ती सुई दोरा घेऊन दारात उजेडाला उभी राहिली आणि तेव्हा तिचं मूळचं वाक्य पुन्हा कानावर पडलं: ‘चष्मा लावला तरी सुईचं नेढंच सापडत नाही गं.’ तिला दोरा ओवायचं यंत्र हवं होतं. शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात ते दहा-वीस रुपयांना मिळतं. तिच्या पंचाहत्तरीला मला ते देता आलं असतं आणि मी दिलं नाही, याची रुखरुख मला अजून आहे.

तेव्हापासून मी माणसाचं वाक्य जसंच्या तसं लिहिते, अवतरणात. शेजारी तारीख, कुठे बसलो होतो आणि त्या वेळी तिच्या हातात काय होतं. ‘मावशी, पाणी हवं’ अशी नोंद निरुपयोगी आहे. ‘मावशी, १२ मार्च, बँकेच्या रांगेत: बाटली उघडायची तर दोन्ही हात लागतात, काठी कुठे धरू?’ ही नोंद वर्षाने वाचली तरी काय घ्यायचं ते कळतं. एका हाताने उघडणारी बाटली घ्यायची. फोनमध्ये लिहिलंत तरी चालेल. मात्र माणसागणिक वेगळं पान हवं.

दुसरी गोष्ट, कौतुकाला भुलू नका. माझ्या मोठ्या जाऊबाई माझ्या बिडाच्या तव्याकडे बघून म्हणाल्या, ‘काय सुरेख डोसे निघतात गं!’ मी दिवाळीला तसाच तवा त्यांना नेऊन दिला. त्यांचं मनगट दुखतं आणि बिडाचा तवा एका हाताने उचलवत नाही. त्या मनापासून कौतुक करत होत्या. तवा त्यांना नको होता. म्हणून माझा नियम कडक आहे: एकच गोष्ट दोनदा, वेगवेगळ्या दिवशी कानावर आली तरच घ्यायची. पहिल्या वेळेला नुसती नोंद, दुसऱ्या वेळेला तिच्यापुढे फुली. दिवाळी जवळ आली की मी फक्त फुल्या बघते.

तिसरी गोष्ट, ऐकलेली प्रत्येक गरज भेट म्हणून देता येत नाही. ‘हल्ली वजन फार वाढलंय’ असं कुणी म्हणालं म्हणून वजनकाटा द्यायचा नसतो. तो कितीही प्रेमाने दिला तरी टोमणाच वाटतो. आणि बायकोच्या, आईच्या वाढदिवसाला मिक्सर, कुकर, इस्त्री देऊ नका. ती घराची गरज आहे, घरखर्चातून भागवा. वाढदिवस तिचा असतो, स्वयंपाकघराचा नसतो. ती स्वतः हौसेने तेच मागत असेल तर गोष्ट वेगळी.

वहीच्या शेवटच्या पानांवर मापं ठेवा. चपलेचा नंबर, कुर्त्याचं माप, बांगडीचं माप. बांगडीच्या मापात बरेच जण चुकतात. २.४ हे दशांशातलं माप नाही. टिंबानंतरचा आकडा इंचाच्या सोळाव्या भागांचा असतो. म्हणजे २.४ म्हणजे सव्वादोन इंच आणि २.८ म्हणजे अडीच इंच. अंदाजाने घेऊ नका. तिच्या हातात सहज जाणारी एक जुनी बांगडी नेऊन कासाराला दाखवा.

ओटीचे ब्लाउजपीस कोणी शिवत नाही, ते नुसते घरोघर फिरत राहतात, कारण ८० सेंटिमीटरचा तो झिरझिरीत तुकडा अनेकींना पुरतच नाही. द्यायचाच तर मीटरभर चांगला सुती खण घ्या, नाहीतर नारळ-तांदळाने ओटी भरा, मान तेवढाच राहतो. बारशाला सगळेच नवजात बाळाचे कपडे आणतात आणि ते दीड-दोन महिन्यांत आखूड होतात. तुम्ही सहा ते बारा महिन्यांच्या मापाचे आणा आणि बाळ त्या मापाला येईल तेव्हा थंडी असेल की उन्हाळा, हे मोजून आणा. घरी एकट्या असलेल्या वाचणाऱ्या माणसाला दिवाळी अंकांचा संच द्या, तो त्यांना पुढचे कित्येक आठवडे पुरतो.

लग्नात पाकीट द्यायला कमीपणा मानू नका. नव्या संसाराला पैशाइतकं उपयोगी काही नसतं. पण पाकिटावर नुसतं ‘कुलकर्णी परिवार’ लिहू नका. रात्री कार्यालयात दमलेला कुणीतरी मामा ती शंभर पाकिटं फोडून वहीत उतरवत असतो आणि त्यात पाच कुलकर्णी असतात. पूर्ण नाव, गाव आणि नातं लिहा. आत नोटेबरोबरही तीच चिठ्ठी ठेवा, कारण पाकीट टाकून दिलं जातं. पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ असेल तर तो मान ठेवा. महिना-दोन महिन्यांनी त्यांचं बिऱ्हाड लागलं की भेटायला जा, घरात कशावाचून अडतंय ते डोळ्यांनी बघा आणि तेव्हा ते द्या.

परगावी पाठवायचं तर दोन आठवडे आधी, परदेशी तर महिनाभर आधी. ऑस्ट्रेलियाला दुधाची मिठाई पाठवू नका, ती तिथे अडवतात.

किमतीचं लेबल काढा, वर्तमानपत्रात गुंडाळलंत तरी चालेल.

दिल्यानंतर एक काम राहतं. ‘वापरता का हो?’ असं कधीही विचारू नका. समोरच्याला खोटं बोलावं लागतं. पुढच्या वेळी त्यांच्या घरी गेलात की नुसतं बघा. वस्तू हाताशी आहे की खोक्यात, ते वहीत त्या नोंदीखाली लिहा. आत्याला यंत्र शेवटी भाऊबीजेनंतर नेऊन दिलं. संक्रांतीला गेले तेव्हा ते शिवणाच्या डब्याच्या कडीला लाल दोऱ्याने बांधलेलं होतं, हरवू नये म्हणून. कात्री मात्र तिला दोन्ही हातांनी दाबावी लागत होती. ते मी त्या रात्री लिहिलं, पुढे फुली न मारता.